ओलाव्याचा हिशेब : वायुवीजन-भार आणि इमारतींच्या ऊर्जा-सिम्युलेशनचा इतिहास

प्रस्तावना

इमारत थंड ठेवण्यास किती ऊर्जा लागते, असा प्रश्न उपस्थित झाला की सर्वसाधारणपणे तापमानाचाच विचार केला जातो. वातानुकूलनाचा उगम मात्र उकाड्याच्या नव्हे, तर ओलाव्याच्या तक्रारीत आहे. प्रस्तुत लेखात आर्द्रता व वायुवीजन यांचा हिशेब अभियांत्रिकीत कसा आला, मध्यंतरी तो का दुर्लक्षिला गेला आणि संगणकीय सिम्युलेशनमध्ये तो पुन्हा कसा मांडला गेला, याचा मागोवा घेतला आहे.

धाग्यासाठी ओलावा

न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील सॅकेट-विल्हेम्स छापखान्यात दमट हवेमुळे कागद फुगे, आकसे आणि एकावर एक छापावयाचे रंग जागच्या जागी बसत नसत. 1902 मध्ये विलिस कॅरिअर यांनी तेथे सापेक्ष आर्द्रता 55 टक्क्यांवर राखणारी योजना आखली. ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द 1906 मध्ये स्टुअर्ट क्रेमर यांनी वापरात आणला. तेही कापडगिरण्यांचे अभियंता होते. कॅरिअर यांनी 1911 मध्ये अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे आर्द्रतामापनाची सूत्रे मांडली. दवबिंदू, तापमान व आर्द्रता यांचा परस्परसंबंध त्यामुळे गणिताने काढता येऊ लागला.

गिरण्यांतील ओलाव्याला दुसरी बाजूही होती. सूत कोरडे पडले की तुटते, म्हणून लँकेशायरच्या विणकामशाळांत वाफ सोडली जाई. कामगारांच्या तक्रारींनंतर 1889 च्या कायद्याने या आर्द्रतेवर मर्यादा घातली. आपल्याकडे नागपूरच्या कोरड्या हवेत 1877 मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलची गणना आर्द्रीकरणयंत्रे प्रथम बसविणाऱ्या गिरण्यांत होते. पुढे भारतातील गिरण्यांच्या आर्द्रीकरणावर मॅलोनी यांचा अहवाल 1923 मध्ये प्रसिद्ध झाला आणि 1948 च्या कारखाने अधिनियमात कृत्रिम आर्द्रीकरणासाठी स्वतंत्र कलम (कलम 15) ठेवण्यात आले. धाग्याला मानवणारी हवा माणसाला मानवेलच असे नाही, ही गोष्ट कायद्याने अभियंत्यांच्या आधी ओळखली, असे म्हणावयास हरकत नाही.

ताजी हवा किती ?

म्युनिकचे मॅक्स फॉन पेटेनकोफर यांनी 1858 मध्ये कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण हा कोंदट हवेचा निर्देशक मानला व 0.1 टक्का ही मर्यादा सुचविली. अमेरिकेत 1895 च्या सुमारास माणशी दर मिनिटाला 30 घनफूट हवा हा दंडक रूढ झाला. 1936 मध्ये हार्वर्डच्या यॅग्लू व सहकाऱ्यांनी शरीरगंधावर आधारित प्रयोग केले. त्यांतून 10 घनफुटांच्या आसपासचा आकडा पुढे आला. 1973 च्या तेलसंकटानंतर ऊर्जाबचतीचे वारे वाहू लागले आणि 1981 मध्ये ॲश्रे या संस्थेच्या मानकाने धूम्रपानरहित जागांसाठी हा आकडा 5 पर्यंत खाली आणला. बंदिस्त इमारतींतील रहिवाशांच्या आजारांची चर्चा वाढल्यावर 1989 मध्ये तोच किमान आकडा 15 झाला. या चढउतारांत आरोग्यशास्त्राइतकाच इंधनाच्या किमतीचाही हात होता, हे उघड आहे.

पंधरा घनफूट म्हणजे सेकंदाला सुमारे 7 लिटर. मुंबईत पावसाळ्यात बाहेर 27 अंश सेल्सिअस व 90 टक्के आर्द्रता आणि आत 25 अंश व 50 टक्के, अशी स्थिती धरू. बाहेरच्या एक किलो हवेत आतल्यापेक्षा साडेदहा ग्रॅम बाष्प अधिक असते. ते काढून टाकण्यासाठी माणशी सुमारे 215 वॅट इतका सुप्त उष्णतेचा भार पडतो. तापमानातील फरकाचा, म्हणजे संवेद्य भार मात्र जेमतेम 17 वॅट. शंभर श्रोत्यांच्या सभागृहात बाहेरच्या हवेबरोबर ताशी 31 लिटर पाणी आत येते. श्रोत्यांच्या घामाचा व श्वासाचा ओलावा निराळाच. थर्मोस्टॅटला यातले काहीच कळत नाही.

संगणकाच्या वहीत

1970 च्या दशकात अमेरिकेत ‘ब्लास्ट’ व ‘डीओई-2’ यांसारखे कार्यक्रम आकारास आले. भिंती, काचा व छप्पर यांतून वाहणारी उष्णता तासागणिक मोजणे, हे त्यांचे बलस्थान. ओलाव्याचा हिशेब तुलनेने ढोबळ होता. भिंती, गालिचे व पुस्तके बाष्प शोषतात आणि पुन्हा सोडतात, याची दखल फारशी घेतली जात नसे. हवामानाचा सर्वांत कठीण दिवसही कमाल तापमानावरून निवडला जाई; वस्तुतः सर्वाधिक बाष्पाचा दिवस बहुधा ढगाळ व तुलनेने सौम्य असतो. ॲश्रेच्या 1997 च्या हस्तपुस्तिकेत दवबिंदूवर आधारित आकडे समाविष्ट झाल्यावर ही उणीव भरून निघू लागली.

हेंडरसन व रेंगराजन यांनी 1996 मध्ये दाखविलेली बाब याहून मार्मिक आहे. यंत्र थांबूनही पंखा चालू राहिला, तर थंड नळ्यांवर साचलेले पाणी पुन्हा खोलीत बाष्परूपाने परतते. कमी भाराच्या वेळी यंत्र वारंवार थांबते, म्हणजे जेव्हा बाष्प काढण्याची गरज असते तेव्हाच ती क्षमता घटते. तासाच्या सरासरीवर चालणाऱ्या गणितात हे दिसत नव्हते. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एनर्जीप्लस’मध्ये तासापेक्षा लहान कालखंडांत उष्णता व बाष्प यांचा ताळेबंद एकत्र मांडण्याची सोय झाली.

भारतात 2007 च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने संपूर्ण इमारतीचे सिम्युलेशन हा अनुपालनाचा एक मार्ग म्हणून मान्य केला. परंतु अशा अभ्यासांत भर असतो तो वार्षिक विजेच्या आकड्यावर. आर्द्रतेची मर्यादा कार्यक्रमात नोंदविलीच नाही, तर बाष्प काढण्याची ऊर्जा कमी दिसते आणि खोली कागदोपत्री काटकसरी ठरते. मर्यादा नोंदविली, तर हवा दवबिंदूखाली थंड करून पुन्हा किंचित तापवावी लागते व खर्च वाढतो. ताजी हवा स्वतंत्र यंत्रात आधीच कोरडी करून मग खोलीत सोडावयाची, ही पद्धत त्यावरील एक तोडगा आहे. तिच्यात तापमान व आर्द्रता यांचे नियंत्रण पुन्हा वेगळे होते; ब्रुकलिनच्या छापखान्याला हवे होते ते नेमके आर्द्रतेचेच.