बातमीदाराची शाळा

श्रोतेहो, लहानपणची एक गोष्ट सांगतो. मी तेव्हा सातवीत होतो. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला एक पाझर तलाव आहे. एका पावसाळ्यात तो भरला आणि सांडव्यावरून पाणी वाहू लागले. सांडवा त्यासाठीच असतो! पण दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात ठळक अक्षरांत छापून आले, की आमच्या गावचा तलाव फुटला आणि खालची वस्ती वाहून गेली. मुंबईला कामाला असलेले माझे चुलते मिळेल त्या एस. टी.ने रातोरात धावत आले. येऊन पाहतात तो आजी ओसरीवर बसून तांदूळ निवडते आहे. चुलत्यांनी तिचे पाय धरले आणि ते लहान मुलासारखे रडले.

बातमी धाडणारा मनुष्य काही वाईट नव्हता. तालुक्याच्या गावी त्याचे वह्या-पेन्सिलींचे दुकान होते. पेपरची एजन्सी त्याच्याकडे, म्हणून बातमीदारीही त्याच्याकडेच. स्टँडवर कुणी तरी बोलले, त्याने ऐकले आणि फोनवरून कळवून टाकले. आमचे गुरुजी जाब विचारायला गेले, तेव्हा तो म्हणाला, “गुरुजी, बातमी कशी द्यायची हे मला कुणी शिकवलंय का कधी?”

आम्हांला ते उत्तर तेव्हा उर्मट वाटले. पुढे इतिहास शिकवू लागल्यावर ध्यानात आले, की हाच प्रश्न जगभरच्या संपादकांना शंभराहून अधिक वर्षे छळीत आला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत समज असा होता, की बातमीदार जन्मावा लागतो, तो घडविता येत नाही. पोराला छापखान्यात टाकावे, खिळे जुळवता जुळवता शिकला तर शिकला. याची किंमत किती मोठी पडते ते १८९८ साली दिसले. फेब्रुवारीत क्यूबामधील हवाना बंदरात ‘मेन’ ही अमेरिकन युद्धनौका स्फोट होऊन बुडाली. अडीचशेहून अधिक खलाशी मेले. कारण कोणालाच ठाऊक नव्हते. पण न्यूयॉर्कमधील हर्स्ट आणि पुलित्झर या दोन मालकांच्या पत्रांत खपाची चढाओढ लागलेली. पुरावा हाती नसताना त्यांनी स्पेनकडे बोट दाखविले आणि लोकांची माथी भडकविली. युद्धाला दुसरीही कारणे होती, हे खरे. पण दोनच महिन्यांत युद्ध पेटले आणि त्या आगीत या बातम्यांनी तेल ओतले. पुढे १९७६ साली अमेरिकेच्या आरमारातीलच ॲडमिरल रिकोव्हर यांनी जुने पुरावे तपासले, तेव्हा स्फोट जहाजाच्या आतच झाला असावा, असा निष्कर्ष निघाला.

गंमत अशी, की याच जोसेफ पुलित्झरने वृत्तपत्रविद्येच्या शाळेसाठी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाला वीस लाख डॉलर देऊ केले. वकील आणि डॉक्टर शिकून तयार होतात, मग बातमीदारानेच का शिकू नये, असे त्याचे म्हणणे. ती शाळा त्याच्या मृत्यूनंतर, १९१२ साली उघडली.

पण त्याआधीच मिझुरी विद्यापीठाने बाजी मारली होती. तेथील शाळेचा प्रमुख वॉल्टर विल्यम्स हा स्वतः कधी कॉलेजात गेला नव्हता; छापखान्यात उमेदवारी करून तो संपादक झालेला. १४ सप्टेंबर १९०८ रोजी शाळा सुरू झाली आणि त्याच दिवशी विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राचा पहिला अंक निघाला. पोहायला शिकवायचे तर विहिरीत उतरवले पाहिजे. काठावर बसून हात मारून काय होणार? विद्यार्थी खऱ्या गावात हिंडत, खऱ्या बातम्या आणीत, आणि चूक झाली तर खरा वाचक दारात येऊन उभा राही.

विल्यम्सने जगप्रवास करून देशोदेशीची वृत्तपत्रे पाहिली आणि ही पद्धत बाहेरही पोहोचली. १९२४ साली चीनमध्ये पेकिंगच्या येनचिंग विद्यापीठात वृत्तपत्रविद्येचा विभाग निघाला. पैशांअभावी तो मध्येच बंद पडला, तेव्हा मिझुरीच्या मदतीने १९२९ साली तो पुन्हा उभा राहिला. आपल्याकडे १९४१ साली लाहोरला पंजाब विद्यापीठात प्रा. पी. पी. सिंह यांनी असा विभाग काढला. फाळणीत लाहोर गेले, तेव्हा तो दिल्लीत नव्याने मांडावा लागला. आणि आपल्या नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात १९५२ साली हे शिक्षण सुरू झाले. त्यासाठी अमेरिकेहून प्रा. रोलंड वूल्सली येऊन राहिले होते.

आता थोडे आफ्रिकेकडे वळू. तेथे हा प्रश्न अधिक निकडीचा होता. १९६० च्या सुमारास एकामागून एक देश स्वतंत्र होत होते. मोठी वर्तमानपत्रे बहुतेक गोऱ्यांच्या हाती. ते निघून गेल्यावर ती चालवायची कोणी? १९५० साली निरनिराळ्या देशांच्या संपादकांनी मिळून आंतरराष्ट्रीय वृत्तपत्र संस्था स्थापन केली होती. तिने १९६३ साली, केनिया स्वतंत्र झाला त्याच वर्षी, नैरोबीत बातमीदारांचे वर्ग सुरू केले. नायजेरियात लागोसलाही वर्ग निघाले. खर्चाचा भार अमेरिकेच्या फोर्ड फाउंडेशनने उचलला. १९६८ पर्यंत तीनशेहून अधिक आफ्रिकी पत्रकार यांतून शिकून बाहेर पडले.

नैरोबीच्या वर्गाचे गुरुजी होते टॉम हॉपकिन्सन. त्यांची पूर्वकथा ऐकण्याजोगी आहे. १९५० साली ते इंग्लंडमध्ये ‘पिक्चर पोस्ट’ या साप्ताहिकाचे संपादक होते. दक्षिण कोरियात राजकीय कैद्यांचे कसे हाल चालले आहेत, याचा वृत्तांत त्यांच्या बातमीदाराने डोळ्यांनी पाहून आणला. मालक म्हणाले, छापू नका. हॉपकिन्सन हटले नाहीत; त्यांची नोकरी गेली. पुढे ते दक्षिण आफ्रिकेत ‘ड्रम’ मासिकाचे संपादक झाले. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या. ६९ माणसे ठार झाली. जमाव अंगावर चालून आला, असे पोलिसांचे म्हणणे. पण ‘ड्रम’चे हंफ्री टायलर आणि छायाचित्रकार इयान बेरी तेथे जातीने हजर होते. बेरीच्या छायाचित्रांत माणसे पुढे येताना दिसत नाहीत. पाठ फिरवून पळताना दिसतात. पुढे चौकशीत ती छायाचित्रे पुरावा म्हणून वापरली गेली. ते दोघे त्या दिवशी कचेरीत बसून फोनवर बातमी घेत राहिले असते तर? पोलिसांचे म्हणणे खोडायला त्यांच्या हाती काय राहिले असते?

श्रोतेहो, या साऱ्या शाळांचा पाठ एका वाक्यात सांगता येतो. पाहिलेले वेगळे, ऐकलेले वेगळे आणि मनाला वाटलेले वेगळे. या तिन्हींची सरमिसळ करू नये. ऐकले असेल तर कोणाकडून, ते लिहावे. आमच्या गावच्या बातमीत ‘तलाव फुटल्याचे स्टँडवर ऐकले’ एवढेच असते, तर ती छापण्यापूर्वी संपादकाने नक्की चौकशी केली असती.

पण नुसत्या शाळेने भागत नाही. शिकलेल्याला पोट असते. आमचा दुकानदार बातमीसाठी पदरमोड करून आठ मैल येणार कशाला? भारतात न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ साली अहवाल दिला, त्यानंतर १९५५ साली श्रमिक पत्रकारांच्या पगाराचा व नोकरीचा कायदा झाला, तो याच विचाराने. आणि शाळेला धैर्य घडविता येत नाही. फार तर त्याची उदाहरणे दाखविता येतात.

खेड्याची बातमी म्हणजे पूर, खून आणि मंत्र्याचा दौरा एवढेच का? १९६९ साली दिल्लीच्या ‘हिंदुस्तान टाइम्स’चे संपादक बी. जी. वर्गीस यांनी छतेरा नावाचे एक साधे खेडे निवडले. त्यांचे बातमीदार तेथे वरचेवर जात आणि दर पंधरवड्याला तेथील शेती, कर्ज, शाळा, रस्ता यांविषयी लिहीत. पाहुण्यासारखे एकदा जाऊन येणे वेगळे आणि पुन:पुन्हा जाणे वेगळे. पुन्हा जावे लागले, की मागे लिहिलेले चुकले असेल तर गावकरी तोंडावर सांगतात! मिझुरीच्या शाळेतला तो दारात उभा राहिलेला वाचक, तोच हा.

आता तर खेडोपाडी बातमी मोबाइलवर येते आणि आपणच ती पुढे धाडतो. म्हणजे आपण सारेच बातमीदार झालो. तेव्हा शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. पुढची ग्रामसभा झाली, की सातवीच्या मुलांना तिची हकीकत लिहायला सांगा. प्रत्येक वाक्यापुढे ‘पाहिले’ की ‘ऐकले’ ते लिहू द्या. मग ती गावकऱ्यांपुढे मोठ्याने वाचून दाखवा. चुका निघतील, थोडा वादही होईल. होऊ द्या. आमच्या दुकानदाराला कुणी हे शिकविले असते, तर चुलत्यांची ती एक रात्र सुखाची गेली असती.