भीतीचा रोग आणि 'समाजस्वास्थ्य'चा खटला

१/ १९३४ साली मुंबईच्या न्यायालयात एका मराठी मासिकाच्या संपादकावर अश्लीलतेचा खटला चालला. वाचकांनी विचारलेल्या खाजगी लैंगिक प्रश्नांना त्याने जाहीर उत्तरे दिली, हा त्याचा अपराध. संपादक होते रघुनाथ धोंडो कर्वे आणि त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. या खटल्याच्या मुळाशी जी भीती होती, तिचा आणि ती ज्या विकाराला जन्म देते त्या लिंगशैथिल्याचा इतिहास या धाग्यात पाहू.

२/ हा विकार मनातूनही उद्भवतो, ही जाणीव आपल्याकडे नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात क्लैब्याचे सहा प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत पहिलाच आहे 'मानस'. मनाला न रुचणाऱ्या गोष्टींनी मन दुखावले किंवा जिच्याविषयी अप्रीती आहे अशा स्त्रीशी संबंध आला, तर शरीर साथ देत नाही, असे तेथे म्हटले आहे. शरीरात दोष नसतानाही क्रिया अडू शकते, हे निरीक्षण आजही खरे ठरते.

३/ मग या विकाराला एवढी भीती कोठून चिकटली? एक धागा युरोपात सापडतो. १७६० साली लोझानचा वैद्य तिसो याने हस्तमैथुनावर फ्रेंच ग्रंथ प्रसिद्ध केला. वीर्यनाशाने शरीर खंगते, दृष्टी मंदावते, बुद्धी जाते, असे त्याने ठासून सांगितले. हे मत युरोपभर पसरले आणि दीडशे वर्षे वैद्यकातही टिकले.

४/ दुसरा धागा आपल्याच मातीतला. वीर्य हा सर्वांत मौल्यवान धातू, त्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे चाळीस थेंब, अशी समजूत येथे रूढ होती. विसाव्या शतकाच्या आरंभी तालमीतील ब्रह्मचर्याचा उपदेश आणि वृत्तपत्रांतील धातुपुष्टीच्या औषधांच्या जाहिराती यांनी ती घरोघर नेली. एकाने भीती दाखवायची आणि दुसऱ्याने तिच्यावरचे औषध विकायचे, असा हा व्यवहार होता. तो संपलेला नाही. आमच्या वऱ्हाडात रस्त्याकडेच्या भिंतींवर 'गुप्तरोग' हा शब्द आजही ठळक अक्षरांत रंगवलेला दिसतो.

५/ कर्वे या वातावरणात उभे राहिले. ते गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या कार्यापायी १९२५ साली विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. हस्तमैथुनाने शरीराची हानी होत नाही, असे ते निःसंकोचपणे सांगत.

६/ १९३१ साली त्यांना एका लेखासाठी शंभर रुपये दंड झाला होता. १९३४ चा खटला मात्र वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरून झाला. आंबेडकरांच्या युक्तिवादाचे सार असे : विषय लैंगिक आहे एवढ्यावरून लेखन अश्लील ठरत नाही, आणि प्रश्नांत विकृती दिसत असेल तर ती ज्ञानानेच दूर होईल. न्यायालयाने हे मानले नाही. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

७/ त्या उत्तरांचे मोल समजण्यासाठी शरीराची रीत पाहावी. ताठरता येण्यासाठी रक्तवाहिन्या सैल व्हाव्या लागतात आणि हे काम मन निवांत असताना होते. भीती वाटली की शरीर संकटाला तोंड देण्याच्या तयारीला लागते, ॲड्रेनलिन वाढते आणि रक्तवाहिन्या आकसतात. एकदा अपयश आले की 'पुन्हा तसेच होईल काय?' ही धास्ती बसते. आणि ती धास्तीच पुढच्या अपयशाचे कारण होते. ज्याला लहानपणापासून 'तू शक्ती गमावलीस' असे ऐकवले गेले, तो या फेऱ्यात लवकर सापडतो.

८/ हा फेरा तोडण्याची युक्ती लंडनचा शल्यविशारद जॉन हंटर याने १७८६ च्या ग्रंथात नोंदवली आहे. त्याने एका रुग्णाला सांगितले : सहा रात्री स्त्रीच्या शेजारी झोप, पण संभोग करायचा नाही असा निश्चय कर. परीक्षाच रद्द झाली, तेव्हा भीती गेली आणि शक्ती परतली. १९७० साली अमेरिकेत मास्टर्स आणि जॉन्सन यांनी याच तत्त्वावर शास्त्रशुद्ध उपचार मांडला : काही काळ संभोग वर्ज्य, केवळ स्पर्श, आणि दोघांचा सहभाग. आपण शय्येवर स्वतःचेच परीक्षक होऊन बसतो, हे त्यांचे निदान होते.

९/ भारतात १९६० साली मनोविकारतज्ज्ञ नरेंद्रनाथ विग यांनी वीर्यनाशाच्या भयातून येणाऱ्या थकवा, उदासी आणि लैंगिक तक्रारींना 'धात सिंड्रोम' हे नाव दिले. कर्वे ज्या भयाशी झुंजले, त्याला अखेर वैद्यकाच्या कोशात जागा मिळाली.

१०/ आजचा व्यवहार थोडक्यात. पहाटे किंवा एकांतात ताठरता येत असेल आणि जोडीदारासमवेतच अडत असेल, तर कारण बहुधा मानसिक असते. तरीही मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार यांची तपासणी करावी, कारण त्यांचे पहिले लक्षण कधी कधी हेच असते. नैराश्य, ताण, मद्य, तंबाखू आणि काही औषधेही कारणीभूत ठरतात. जोडीदाराशी मोकळे बोलणे, समुपदेशन आणि वर सांगितलेला स्पर्शोपचार यांचा चांगला उपयोग होतो. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. हृदयरोगासाठी नायट्रेट घेणाऱ्याच्या त्या जिवावर बेतू शकतात.

११/ अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा मानसोपचार विभाग आहे. तेथवर जाण्याचा धीर होत नसेल, तर 'टेलि-मानस'चा १४४१६ हा शासकीय क्रमांक फुकट आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर देण्याबद्दल १९३४ साली दोनशे रुपये दंड झाला, तो प्रश्न आज नाव न सांगता विचारता येतो. तो अवश्य विचारावा.