चित्रनलिकेतील व्हिडिओ विवर्धक

जुन्या दूरचित्रवाणी संचाचा पडदा उजळविण्याचे काम चित्रनलिकेतील इलेक्ट्रॉन शलाका करीत असे. ही शलाका कोठे प्रखर व कोठे मंद व्हावी, हे व्हिडिओ विवर्धक ठरवितो. प्रक्षेपणातून वेगळा काढलेला चित्रसंकेत जेमतेम एक-दोन व्होल्टचा असतो. रंगीत चित्रनलिकेच्या कॅथोडला मात्र सुमारे १०० व्होल्टचा चढउतार लागतो. कॅथोडवरील दाब खाली आला, की शलाका प्रखर होते. त्यामुळे विवर्धक संकेत मोठा करून तो उलटा पुरवितो.

नुसते विवर्धन सोपे आहे. खरी कसोटी वेगाची. ध्वनिविवर्धकाने सेकंदाला २० हजार आवर्तने सांभाळली तरी पुरते. भारतात रूढ झालेल्या ६२५ रेषांच्या 'पाल' पद्धतीत चित्रसंकेत ५० लाख आवर्तनांपर्यंत जातो. म्हणजे पांढऱ्यावरून काळ्यावर येण्यास सेकंदाचा एक कोटीवा भाग एवढाच अवधी मिळतो.

कॅथोड व त्याच्या जोडतारा यांची विद्युतधारकता १० पिकोफॅरडच्या आसपास, म्हणजे नगण्य वाटावी इतकी. परंतु ट्रान्झिस्टरला १० हजार ओहमचा भाररोधक जोडला, तर दोहोंचा गुणाकार नेमका तोच कोटीवा भाग येतो. मग बारीक तपशील पुसट होतात, अक्षरांच्या उजव्या कडा फरफटल्यासारख्या दिसतात. (अँटेनामुळे दिसणारी दुहेरी प्रतिमा निराळी, दोहोंची गल्लत पुष्कळदा होई.) रोध घटविला, तर प्रवाह वाढून ट्रान्झिस्टर तापतो. यातून मार्ग म्हणून रोध बेताचा ठेवीत, उच्च आवर्तनांना उचलून धरणारे छोटे वेटोळे जोडीत आणि तारा आखूड राहाव्यात म्हणून विवर्धक चित्रनलिकेच्या मानेवरील सॉकेटच्या प्लेटवरच बसवीत. संगणकाच्या मॉनिटरमध्ये काम आणखी अवघड. १९८७ च्या 'व्हीजीए' पद्धतीत ६४० गुणिले ४८० बिंदूंच्या चित्रासाठी सेकंदाला सुमारे अडीच कोटी बिंदूंचा वेग गाठावा लागे.

रंगीत संचात लाल, हिरवा व निळा असे तीन विवर्धक असतात. लाल विवर्धकाचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, की त्या कॅथोडवरील दाब कोसळतो आणि सारा पडदा लालभडक होऊन त्यावर शलाकेच्या परतीच्या तिरप्या रेषा उमटतात. 'पिक्चर ट्यूब गेली' म्हणून संच मोडीत काढण्याची घाई अशा वेळी करू नये. नलिकेत कॅथोड व हीटर एकमेकांस चिकटल्यासही असेच दृश्य दिसते खरे. पण सॉकेट नलिकेपासून वेगळे केल्यावरही लाल टोकावरील दाब खालीच राहिला, तर दोष विवर्धकाकडे असतो, आणि ट्रान्झिस्टर नलिकेच्या मानाने फारच स्वस्त. ही तपासणी जाणकाराकडूनच करवून घ्यावी. रंगीत नलिकेच्या अ‍ॅनोडवर २० ते २५ हजार व्होल्ट असतात आणि संच बंद केल्यावरही तेथे विद्युतभार टिकून राहू शकतो.