दिवा हाती, पुस्तक नाही

फ्रान्समध्ये देल्फँ आंजोलरास (१८५७-१९४५) नावाचा एक चित्रकार होऊन गेला. रात्रीची खोली, टेबलावर झाकणीचा दिवा आणि त्या उजेडात पुस्तक किंवा पत्र वाचणारी एकटी स्त्री, हा विषय त्याने कितीदा तरी रंगवला. काही चित्रांत नटवेपणा आहे, तो सोडून देऊ. वाचणाऱ्या त्या बाईला आपण पाहतो आहोत याची फिकीर नसते, हे आम्हाला आवडते.

त्याच्या गुरूंपैकी एक जेरोम. त्याच्या गाजलेल्या चित्रांत पूर्वेकडची स्त्री दिसते ती हमामखान्यात, नाही तर गुलामांच्या बाजारात. बायकांच्या हमामात परपुरुषाला पाऊल टाकता येत नाही, म्हणजे ते सारे कल्पनेतले. शिष्याने फ्रेंच बाईच्या हाती पुस्तक दिले. गुरूला आमच्या आयाबहिणींबद्दल तेवढी कल्पना लढवता आली नाही.

आपल्याकडे दिव्याच्या उजेडातली स्त्री म्हटले की सावळाराम हळदणकरांचे ‘ग्लो ऑफ होप’ आठवते. १९४५-४६ मधले हे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचे समजतात! चित्रकाराची मुलगी गीता त्यासाठी तीन तास दिवा धरून उभी राहिली होती. बोटांतून झिरपणारा तो प्रकाश पाहतच राहावा असा आहे. पण तिच्या हातात पुस्तक नाही. ती उजेड सांभाळते, स्वतःसाठी वापरत नाही. याच हळदणकरांना १९२५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले ते ‘मोहमेडन पिलग्रिम’ या चित्रासाठी. मुस्लिम यात्रेकरू चौकटीत आला. चिमणीपाशी वाचत बसलेली त्याची लेक मात्र आम्हाला कुठल्या चौकटीत भेटलेली नाही.

म्हणून बायका वाचत नव्हत्या असे नाही. १८७३ मध्ये रानड्यांच्या घरी आलेल्या रमाबाईंचे शिक्षण रात्री चाले, आणि घरातल्या बायकांना ते खपत नसे. तिकडे बंगालमध्ये रुकैया सखावत हुसेन (१८८०-१९३२) यांना भाऊ इब्राहिम साबेर घर निजल्यावर मेणबत्तीच्या उजेडात बंगाली-इंग्रजी शिकवत. वडिलांना ही तालीम मंजूर नव्हती. पुढे १९११ मध्ये याच बाईंनी कोलकात्यात मुलींची शाळा चालू केली, आणि ‘पद्मराग’ ही कादंबरी त्या भावाला अर्पण केली. फ्रेंच चित्रातल्या बाईला बाहेर पाऊल वाजले तरी पुस्तक मिटावे लागत नाही. रुकैयांच्या मेणबत्तीला ही निश्चिंती नव्हती.

आमच्या मानपाड्यात आता रात्र विजेची आहे. घोडबंदर रस्त्यालगतच्या इमारतींत भांडीकुंडी आवरल्यावर कुणी बारावीचे पुस्तक उघडते, कुणी मोबाईलवर वाचते. चेहऱ्यावर उजेड अजूनही खालूनच पडतो. चित्रकला शिकणाऱ्या आमच्या मुलींपैकी एखादीने हे चित्र काढावे. समोर अम्मीलाच बसवावे. तीन तास उभे करू नये, खुर्ची द्यावी.