सभेचा शोध

आपल्या धर्मग्रामात कोणी आजारी पडले की शेजारी विचारपूस करायला जातात. पण घरात दारू शिरली की त्या घराची दारे आतून लावली जातात आणि शेजारीही पाहून न पाहिल्यासारखे करतात. मद्यपाश हा आजार आहे, हे पटूनही त्याची लाज सुटत नाही. ही बंद दारे उघडणाऱ्या एका सभेचा इतिहास म्हणूनच आपल्या कुटुंबांनी जाणून घ्यावा, असे आम्हांला वाटते.

११ मे १९३५ चा शनिवार. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरी न्यूयॉर्कचे शेअर व्यावसायिक बिल विल्सन एका हॉटेलच्या दिवाणखान्यात येरझारा घालत होते. ज्या व्यवहारासाठी ते आले होते, तो फसला होता. दारू सोडून त्यांना जेमतेम पाच महिने झाले होते. एका बाजूला बारमधले हसणे-खिदळणे ऐकू येत होते. दुसऱ्या बाजूला शहरातील चर्चची यादी लावलेली होती. दुसऱ्या मद्यप्याशी बोलत राहिलो की आपली तहान शमते, एवढे त्यांना अनुभवाने कळले होते. त्यांनी यादीतील वॉल्टर टंक्स या धर्मोपदेशकाला दूरध्वनी केला. टंक्स यांनी काही नावे दिली आणि त्या धाग्याने विल्सन हेन्रिएटा सीबरलिंग या बाईंपर्यंत पोचले. दुसऱ्या दिवशी बाईंनी डॉ. रॉबर्ट स्मिथ या शल्यचिकित्सकाला घरी बोलावले. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीने आले आणि रात्री अकरा वाजून गेल्यावर उठले. उपदेश त्यांनी पुष्कळ ऐकला होता. स्वतःची कहाणी सांगणारा माणूस त्यांना नवा होता. १० जून १९३५ रोजी डॉक्टरांनी अखेरचा घोट घेतला. तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ अर्थात ए.ए.चा जन्मदिवस मानला जातो.

या कथेत कॅथलिकांचा वाटा मोठा आहे. आरंभीच्या सभा ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या प्रॉटेस्टंट वळणाच्या चळवळीच्या छत्राखाली भरत. तेथे चारचौघांत पापांची कबुली देण्याची रीत होती. क्लेव्हलँडहून येणाऱ्या कॅथलिक सदस्यांना त्यांचे धर्मगुरू या सभांना जाऊ नका, असे सांगू लागले. दारूपासून मुक्ती की ख्रिस्तसभेची आज्ञा, असा पेच पडला. अखेर मे १९३९ मध्ये क्लेव्हलँडकरांनी स्वतंत्र सभा सुरू केली आणि नुकत्याच प्रसिद्ध झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ या ग्रंथाचे नाव तिला दिले. कोणत्याही पंथाच्या माणसाला खुली असलेली सभा आज आपण पाहतो, तिच्या घडणीत हा पेच कारणी लागला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अ‍ॅक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया यांनी डॉ. स्मिथ यांच्या मद्यपाशी रुग्णाला जागा करून दिली. त्या काळी रुग्णालये अशांना दारात उभे करीत नसत. बरा होऊन निघालेल्या रुग्णाच्या हाती सिस्टर पवित्र हृदयाचे चिन्ह देत आणि सांगत, पुन्हा पिण्याआधी हे मला परत आणून दे. पुढे १९४० च्या हिवाळ्यात सेंट लुईसचे येशूसंघीय फादर एड डाउलिंग न्यूयॉर्कला जाऊन विल्सन यांना भेटले. ए.ए.च्या बारा पायऱ्या आणि संत इग्नाती यांची आध्यात्मिक साधना यांतील साम्य त्यांनी दाखवून दिले. फादर स्वतः मद्यपाशी नव्हते. तरीही ते विल्सन यांचे आयुष्यभराचे मार्गदर्शक झाले.

भारतात ए.ए.चे बीज १९५७ साली रुजले. १९८१ मध्ये फादर जो परेरा यांनी वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात ‘कृपा’ची स्थापना केली. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ उभे केले.

सभा शोधणे आज तितके कठीण नाही. ए.ए.च्या दूरध्वनीवर, व्यसनमुक्ती केंद्रात किंवा धर्मग्रामाच्या कार्यालयात चौकशी केली तर जवळची जागा कळते. खुल्या सभेला कोणीही बसू शकतो; बंद सभा केवळ मद्यपाश्यांसाठी असते. तेथे प्रवेशशुल्क नाही, नोंदवही नाही, आडनाव विचारत नाहीत. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. नवागताने बोललेच पाहिजे असेही नाही. ऐकले तरी पुरे. आयुष्यभराची शपथ कोणी मागत नाही; आजचा दिवस न पिता काढायचा, एवढेच ठरवायचे असते. एका सभेने मन रमले नाही तर दुसरी पाहावी. कुटुंबीयांसाठी १९५१ पासून अल्-अनॉन ही वेगळी संघटना आहे. घरातला माणूस सभेला येवो वा न येवो, पत्नीने, आईने तेथे अवश्य जावे.

एक सावधगिरी मात्र हवी. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर झटके येऊ शकतात, जिवावरही बेतते. म्हणून आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सभा ही औषधाची जागा घेत नाही.

टंक्स यांनी त्या शनिवारी फार मोठे काम केले नाही. एका अनोळखी माणसाचे म्हणणे त्यांनी ऐकून घेतले आणि नावे सांगितली. उद्या आपल्या दाराशी असाच कोणी आला तर सांगायला आपल्यापाशी सभेचा पत्ता आहे काय? नसेल तर तो मिळवून ठेवणे, हे प्रत्येक धर्मग्रामाचे कर्तव्य आहे.