टोटल लॉस मोटारगाडी

अपघात, महापूर, आग किंवा चोरी यांपैकी एखाद्या कारणाने जिची दुरुस्ती तिच्या किमतीच्या मानाने विमा कंपनीला परवडत नाही, आणि म्हणून जिचा दावा दुरुस्तीचा खर्च देऊन नव्हे तर संपूर्ण विमाकृत रकमेच्या हिशेबाने निकालात काढला जातो, अशी मोटारगाडी. जुन्या गाड्यांच्या बाजारात तिला ‘टोटल लॉस’ किंवा नुसते ‘टीएल’ म्हणतात. दावा मिटल्यावर अशी गाडी नष्ट होतेच असे नाही. पुष्कळदा ती लिलावात विकली जाते, कुठल्याशा गॅरेजात उभी राहते, आणि काही महिन्यांनी त्याच नोंदणी-क्रमांकाने, नव्या रंगाने, नव्या ग्राहकासमोर येते. भारतात या मधल्या प्रवासाचा शेरा गाडीच्या नोंदणी-पुस्तिकेवर मारण्याची सर्वत्र पाळली जाणारी पद्धत नाही, आणि ग्राहकाच्या वाट्यास येणाऱ्या बहुतेक हानीचे मूळ या एकाच उणिवेत सापडते.

पूर्णहानी ठरते ती हिशेबाने. पॉलिसीत गाडीचे एक घोषित मूल्य, म्हणजे आयडीव्ही, लिहिलेले असते. कारखानदाराच्या चालू विक्री-किमतीतून वयाप्रमाणे घसारा वजा करून ते काढतात, आणि हा घसारा पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० व पाचपर्यंत ५० टक्के असा चढत जातो. गाडी उचलून आणण्याचा व दुरुस्त करण्याचा एकूण खर्च या मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला, की ती पूर्णहानी समजावी असे पॉलिसीचे रूढ कलम आहे. दहा लाखांच्या किमतीची अडीच वर्षांची गाडी घेतली तर तिचे घोषित मूल्य सात लाख होते, आणि सर्वेअरने मान्य केलेला खर्च सव्वापाच लाखांच्या पुढे गेला की तिची गणना टोटल लॉसमध्ये होते. यावरून एक गोष्ट ध्यानात यावी, जी बाजारात विकणारे आणि घेणारे दोघेही विसरतात: पूर्णहानी हे धोक्याचे माप नव्हे. पाच वर्षांची महागडी परदेशी मोटार केवळ दिवे, दारे आणि इलेक्ट्रॉनिक सुटे भाग यांच्या किमतीपायी टोटल लॉस ठरू शकते आणि नीट दुरुस्त झाल्यास पुढे बिनधोक चालू शकते. उलट, जिचा पुढचा सांगाडा वाकला आहे अशी नवीकोरी गाडी तिच्या चढ्या घोषित मूल्यामुळे दुरुस्तीच्या सदरात बसते आणि टोटल लॉसच्या यादीत कधीच येत नाही. म्हणून ‘टीएल’ हा शब्द ऐकताच पाठ फिरवणे जितके अविचाराचे, तितकेच तो शब्द कानी न पडल्याने निश्चिंत होणेही अविचाराचे आहे.

कायद्याची दृष्टी विम्याच्या दृष्टीहून वेगळी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५५ प्रमाणे वाहन नष्ट झाले किंवा कायमचे निरुपयोगी झाले, तर मालकाने १४ दिवसांच्या आत, अथवा शक्य तितक्या लवकर, नोंदणी अधिकाऱ्यास तसे कळवून नोंदणीचा दाखला त्याच्याकडे पाठवावा, आणि त्यावर नोंदणी रद्द व्हावी, अशी तजवीज आहे. परंतु ‘दुरुस्ती परवडत नाही’ आणि ‘वाहन कायमचे निरुपयोगी आहे’ ही दोन विधाने एक नव्हेत. विमा कंपनी पहिले ठरवते, दुसऱ्याची वर्दी देण्याचे दायित्व मालकावर असते, आणि रक्कम हातात पडलेल्या मालकाला परिवहन कार्यालयाची पायरी चढण्याचे कारण उरत नाही. शिवाय भाड्याच्या वाहनांस जसा ठरावीक मुदतीने योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो, तसा खासगी मोटारीस पहिल्या नोंदणीनंतर १५ वर्षे घ्यावा लागत नाही. म्हणजे जिच्या पुढच्या अर्ध्या भागाची उसवण आणि जोडणी झाली आहे अशी गाडी, एकाही सरकारी निरीक्षकाची नजर तिच्यावर न पडता, पुन्हा एखाद्या कुटुंबास घेऊन महामार्गावर धावू लागते. प्रस्तुत नोंदीच्या लेखकास ही कायद्यातील सर्वांत गंभीर त्रुटी वाटते.

दावा निकालात निघाल्यावर मोडक्या गाडीस, म्हणजे सॅल्व्हेजला, दोन वाटा असतात. एक तर तिची किंमत भरपाईतून वजा करून गाडी मालकाकडेच राहते, किंवा लिलावात सर्वाधिक बोली लावणारा ती कागदपत्रांसह उचलतो. यांतील प्रामाणिक खरेदीदार सुटे भाग काढून विकतो अथवा गाडी दुरुस्त करतो. अप्रामाणिक इसमाला मात्र लोखंडाची गरज नसते. त्याला हवी असते ती नोंदणी-पुस्तिका आणि चासी-क्रमांकाचा तेवढा पत्रा. त्याच मॉडेलची, त्याच रंगाची चोरीची गाडी आणून तिचा मूळ क्रमांक घासायचा, त्यावर मोडक्या गाडीचा क्रमांक पंच करायचा, किंवा तो पत्राच कापून वेल्डिंगने बसवायचा, आणि खऱ्या कागदांवर खोटी गाडी विकायची, अशी ही युक्ती असून देशात अनेक ठिकाणच्या पोलिसांनी अशा टोळ्या उघडकीस आणल्या आहेत. या प्रकाराची दुष्टता अशी, की सावध ग्राहकाची नेहमीची खबरदारी इथे फुकट जाते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ या सोयीत क्रमांक घालून पाहिला तर चोरीची नोंद आढळत नाही, कारण जो क्रमांक आपण तपासतो तो चोरीस गेलेल्या गाडीचा नसतोच. परिवहन कार्यालयाच्या दफ्तराशी रुजवात घालावी, तर दफ्तरही अस्सल निघते. खरी ओळख उरते ती गाडीच्या अंगात: पुष्कळशा आधुनिक मोटारींच्या इंजिन-नियंत्रक संगणकात सतरा अक्षर-अंकांचा मूळ ओळख-क्रमांक साठवलेला असतो, आणि अधिकृत वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून तो वाचता येतो. तो आणि पत्र्यावरचा क्रमांक जुळत नसतील, तर तो सौदा तिथेच सोडावा. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम २७ चा सर्वसाधारण नियम असा, की विकणाऱ्याचा हक्क जेवढा, तेवढाच घेणाऱ्यास मिळतो. तेव्हा पूर्ण किंमत मोजून निष्कपट बुद्धीने घेतलेली गाडीदेखील मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्याच्या आवारात जाते आणि ग्राहकाच्या हाती दिवाणी दाव्याखेरीज काही राहत नाही.

आता देहाविषयी. आजच्या बहुतेक मोटारींस वेगळी चौकट नसते. पत्र्याचे पिलर, एप्रन, तळ आणि छत मिळून एकच पेटी असते, आणि धडकेचा आघात ठरलेल्या ठिकाणी चुरगळून शोषावा, प्रवाशांची जागा मात्र अभंग राहावी, अशी तिची रचना असते. पिलरांसाठी तापवून साच्यात दाबलेले अतिकठीण पोलाद वापरतात. साध्या गॅरेजात गॅसच्या ज्योतीने तापवून ते सरळ केले, की डोळ्यांस ते पूर्ववत दिसते, पण त्याचे बळ गेलेले असते. चुरगळण्यासाठी योजलेला भाग जाड पट्टी जोडून ताठ केला, तर पुढच्या धडकेचा आघात तो न शोषता थेट आत पाठवतो. डेंटिंग, लांबी आणि रंग यांनी हे सारे झाकता येते.

एअरबॅग ही आणखी एक गोष्ट, जिथे माणसाच्या जिवाशी सरळ खेळ होतो. धडकेनंतर सेकंदाच्या विसाव्या-तिसाव्या हिश्श्यात ती फुगते आणि एकदा फुगली की निकामी होते. तिच्यासोबत सीटबेल्ट आवळणारी यंत्रणा, संवेदक आणि नियंत्रक हेही बहुधा बदलावे लागतात. हा खर्च मोठा, आणि कित्येकदा गाडी टोटल लॉस ठरते ती याच्याच भारामुळे. म्हणून स्वस्तात गाडी उभी करणाऱ्याची पहिली काटकसर येथेच होते. रिकाम्या जागेवर नुसते झाकण बसवतात आणि परिपथात एक रोधक जोडून संगणकाला एअरबॅग असल्याचा भास करवतात, किंवा इशाऱ्याच्या दिव्याचे सूत्र दुसऱ्या दिव्यास जोडतात. किल्ली फिरवताच हा दिवा काही सेकंद स्वतंत्रपणे लागून मग विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल, किंवा इतर दिव्यांबरोबर नेमका त्याच क्षणी विझत असेल, तर संशय घ्यावा. दिव्याचा निर्वाळा मात्र अखेरचा समजू नये. तो स्कॅनरनेच मिळवावा.

पुरात बुडालेल्या गाड्यांचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडून मुंबईतील असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या; डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई, ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण येथे तेच घडले. अशी गाडी ठोकलेल्या गाडीहून फसवी असते, कारण तिच्या पत्र्यावर ओरखडाही नसतो. पाणी आत शिरले असता इंजिन चालू केले, तर पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो; थोडा वाकलेला रॉड पुढे काही काळ तसाच चालतो आणि मग एखाद्या दिवशी तुटून इंजिनाचा ब्लॉक फोडतो. त्याहून चिवट दुखणे विजेच्या तारांचे. गढूळ पाण्याने, आणि समुद्राकाठी खाऱ्या पाण्याने, जोडांवर गंज चढण्याची क्रिया गाडी वाळल्यानंतरही थांबत नाही. आज काच वर जात नाही, महिन्याने सुकाणूचे विद्युत्साहाय्य बंद पडते, वर्षाने ब्रेकच्या संगणकात बिघाड होतो, आणि मेकॅनिकला मूळ सापडत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, कारण गुंडाळीतला गाळाचा पट्टा धुणाऱ्याच्या हाती सहसा येत नाही; आसनांखालचे रूळ व स्प्रिंगा, डिकीतील सुट्या चाकाचा खळगा, गालिच्याखालचा फोम आणि दिव्यांच्या काचांतले बाष्प यांवर नजर टाकावी. पाच-सात वर्षांच्या गाडीत अगदी नवे गालिचे आणि उग्र सुगंध असेल, तर कारण विचारणे अगत्याचे आहे.

ठोकलेल्या गाडीची खूण शोधताना बॉनेट व दारे यांच्या बोल्टांवर पान्याचे ओरखडे आहेत का, दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या आहेत का, एप्रनवरील कारखान्याचे ठिपक्यांसारखे समान अंतराचे वेल्ड शाबूत आहेत का, आणि काचांवरील निर्मितिवर्षे एकमेकांशी व गाडीशी जुळतात का, हे पाहावे. रंगाची जाडी मोजणारे लहानसे यंत्र मिळते. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, लांबी भरलेल्या जागी तोच आकडा कित्येक पटींनी चढतो. कागदांपैकी नोंदणी-पुस्तिकेपेक्षा विम्याच्या जुन्या पॉलिसी अधिक बोलक्या असतात: मध्येच काही महिने खंड, दावा न केल्याबद्दलची सवलत एकाएकी शून्यावर येणे, किंवा मालकी लिलावाच्या व्यापाऱ्याकडून आलेली असणे, यांतून बराचसा इतिहास वाचता येतो. चासी-क्रमांक देऊन अधिकृत वर्कशॉपमधून सर्व्हिसची हकीकत मागवावी. नवा विमा उतरवतानाही पूर्वेतिहास ठाऊक असल्यास तो सांगणे बंधनकारक आहे. विम्याचा करार परम विश्वासावर उभा असतो आणि दडवलेली गोष्ट पुढे दावा नामंजूर होण्यास पुरते.

अन्य देशांनी ही माहिती उघडी ठेवण्याच्या निरनिराळ्या पद्धती काढल्या आहेत. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून ए, बी, एस आणि एन असे चार वर्ग असून पहिल्या दोहोंतील गाडी रस्त्यावर परत येऊ शकत नाही, तर एस म्हणजे सांगाड्यास इजा झालेली व एन म्हणजे न झालेली. अमेरिकेत मालकीच्या दाखल्यावरच ‘सॅल्व्हेज’ असा शेरा बसतो. तरी राज्याराज्यांचे नियम भिन्न असल्याने दुसऱ्या राज्यात नोंदणी करून तो शेरा धुऊन काढण्याचे प्रकार होतात.

भारतात १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यास नोंदणी अधिकाऱ्याकडून प्राधिकारपत्र घेणे व ताब्यात आलेल्या गाडीची वर्दी देणे आवश्यक झाले आहे. धंदा म्हणून विकणाऱ्याविरुद्ध ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या मुदतीत तक्रार नेता येते. करार अधिनियम, १८७२ प्रमाणे ठाऊक असलेली वस्तुस्थिती प्रयत्नपूर्वक दडवणे हे कपट होय आणि अशा कपटाने झालेला सौदा रद्द करता येतो. पण विक्रेता केवळ गप्प राहिला असेल आणि साधारण दक्षतेने ग्राहकास सत्य कळण्यासारखे असेल, तर कलम १९ च्या अपवादाने तो आधार ढिला पडतो. याकरिता गाडीवर पूर्वी टोटल लॉसचा दावा झालेला नाही, ती पुरात बुडालेली नाही आणि तिचा चासी-क्रमांक मूळचा आहे, ही तीन विधाने विक्रेत्याच्या सहीने पावतीवर लिहून घ्यावीत, आणि सही करण्यास तो कां कू करू लागल्यास बयाणा देऊ नये.