घरचा झोपाळा वाहतुकीत मोडला तर : भरपाई कशी मागावी

बडोद्यातील अनेक मराठी घरांत पितळी कड्यांचा झोपाळा, सागवानी देवघर किंवा संखेड्याचे लाखकामाचे फर्निचर दोन-तीन पिढ्या जपलेले असते. मुले पुण्याला किंवा बंगळुरूला स्थायिक झाली की या वस्तू ट्रकने जातात आणि कधी मोडून पोचतात. तक्रार केली की ‘जुने लाकूडच तर होते’ असे ऐकावे लागते. आजोबांच्या आठवणीची किंमत कायदा ठरवत नाही, पण सिद्ध केलेले नुकसान मात्र भरून मागता येते. म्हणून पुरावा सामान हलण्याआधीच तयार ठेवावा.

सामान देण्यापूर्वी

• प्रत्येक वस्तूचे सर्व बाजूंनी फोटो काढावेत. जुने ओरखडेही त्यात दिसू द्यावेत.
• जुने फर्निचर घेणाऱ्या व्यापाऱ्याकडून किंवा जाणत्या सुताराकडून लाकूड, कारागिरी आणि अंदाजे किंमत कागदावर घ्यावी.
• बिल्टीवर ‘घरगुती सामान’ एवढेच न लिहिता वस्तूंची यादी व किंमत लिहावी. रस्ते वाहतूक कायदा, २००७ नुसार जादा जोखीम दर भरलेला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी मर्यादित राहते. नियमांप्रमाणे ही मर्यादा भाड्याच्या दहापट आहे.
• विम्याचे पैसे घेतले असतील तर विमा कंपनीची पॉलिसी मागावी. पॅकर्सची साधी पावती म्हणजे विमा नव्हे.

सामान उतरवताना

मोडतोड दिसली की पोचपावतीवर शेरा लिहूनच सही करावी. शेरा लिहू दिला नाही, तर त्याच दिवशी फोटोंसह ई-मेल पाठवावा. मोडलेले तुकडे, कड्या, खिळे टाकू नयेत. दुरुस्तीला आणि पुराव्याला दोन्हीला ते लागतात.

किती मागावे

मागणी तीन भागांत मांडावी : दुरुस्तीचा खर्च, दुरुस्तीनंतरही घटलेली किंमत आणि मानसिक त्रास. संखेड्याच्या वस्तूसाठी तिथल्याच कारागिराचे लेखी अंदाजपत्रक घ्यावे, कारण लाखकाम साध्या पॉलिशने भरून निघत नाही. ग्राहक कायद्यात हानीच्या व्याख्येत शरीर आणि मालमत्तेबरोबर मनही येते. आठवणींचा विचार होतो तो इथे. रक्कम आयोग ठरवतो, म्हणून हा आकडा वेगळा आणि माफक ठेवावा. फुगवलेल्या आकड्याने खऱ्या खर्चावरही शंका येते.

मुदत आणि मार्ग

१. वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी, ती बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत. ग्राहक आयोगात जायचे असले तरी ही नोटीस चुकवू नये.
२. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. बरीच प्रकरणे इथेच तडजोडीने मिटू शकतात.
३. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे पुण्यातल्या मुलाला बडोद्याला खेपा घालाव्या लागत नाहीत. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही.

बिल्टीवर ‘मालधन्याच्या जोखमीवर’ असे छापलेले असले, तरी तेवढ्याने निष्काळजीपणाची जबाबदारी टळत नाही.

तडजोडीत रोख रकमेऐवजी चांगल्या कारागिराकडून दुरुस्ती करून मिळत असेल, तर तिचाही विचार करावा. झोपाळा पुन्हा घरात टांगला जाणे हेच अनेकांना हवे असते.